आतला माठ

"आधी पी. मग बोल."

दारात कोणीही आलं की मावशी एवढंच म्हणायची आणि स्टीलचा पेला पुढे करायची. मीटर बघायला आलेला माणूस असो, मतांसाठी हात जोडत आलेला उमेदवार असो, नाहीतर कोंबड्यांवरून भांडायला आलेली शेजारीण असो. पेला रिकामा होईपर्यंत ती कोणाचं काही ऐकून घ्यायची नाही. भांडायला आलेल्याची मोठी पंचाईत व्हायची. घटाघटा पाणी प्यायल्यावर त्याच दारात लगेच आवाज चढवायला माणूस धजत नाही. तुम्हीही करून बघा.

माझी मुलगी आज शाळेत जाते ती या मावशीमुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही वाकडं लिहिलं तर तुम्ही गैरसमज करून घेणार नाही. कारण मला तिचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. उपकार आणि हेवा एकाच माणसाबद्दल वाटू शकतात की नाही, ते जास्त शिकलेल्यांनी ठरवावं. माझी शाळा आठवीत सुटली. मला मात्र दोन्ही वाटले, आणि दोन्ही पोटभर वाटले.

तिचं नाव इथे लिहीत नाही. तिला आवडणार नाही. सगळी आळी तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

आम्ही वाशीम जिल्ह्यातले. नवरा सेंट्रिंगच्या कामावर विरारला आला आणि त्याच्या मागोमाग मी, कडेवर मुलगी घेऊन. खोली मिळाली मनवेलपाड्यात, चाळीत. गावाकडे उन्हाळ्यात पाणी दिसायचंच नाही. इथे दिसायचं, पण प्यायचा धीर होत नव्हता. नळाला एक दिवसाआड यायचं, कधी पिवळट, कधी गटाराचा वास मारणारं. टँकर आला की त्याच्या पाण्यात शेवाळाचे धागे तरंगायचे. माझी मुलगी, आरोही, तेव्हा चार वर्षांची होती. तिला सारखे जुलाब व्हायचे, आणि मग कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "पाणी बदला."

पाणी बदला म्हणजे काय? ती काय साडी आहे? मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. नवरा म्हणाला, असंच चाललं तर तुम्ही दोघी गावी परत जा. गावी तरी काय होतं? विकलेल्या बैलाचा रिकामा गोठा.

त्याच आठवड्यात चाळीतल्या एका बाईने मला काम मिळवून दिलं. पश्चिमेला, राजोडीच्या अलीकडे एक गाव आहे, वाड्यांचं गाव. तिथे एका बाईच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या होत्या. मी पहाटे निघाले. पोरीला शेजारणीकडे झोपवून आले होते, त्यामुळे सगळं लक्ष मागे. वाडीत पोचले तर दारात एक साठीची बाई, उंच, हाडकुळी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, नाकावर घसरलेला चष्मा. मी काही बोलणार तोच पेला पुढे आला.

पाणी प्यायले. आणि मला राग आला.

खरं सांगते, डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. राग आला. इतकं गोड पाणी मी जन्मात प्यायले नव्हते. गार, पण दात ठणकवणारं नाही. त्याला कसलाच वास नव्हता. ही माणसं रोज हे पितात? ह्याच पाण्याने पाय धुतात, तांदूळ धुतात आणि उरलेलं अळूच्या मुळाशी ओततात? आणि माझ्या पोरीने काय पाप केलं होतं?

"काय झालं?" मावशीने विचारलं. "किडा होता?"

"नाही."

"मग तोंड असं का गो?"

"माझ्या पोरीला असं पाणी नाही," मी म्हणाले. ते फटकन तोंडातून गेलं. कामाचा पहिला दिवस, आणि मालकिणीला असं बोलले. आता ही घरी पाठवते, असं वाटलं.

तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "कॅन हाय का घरात?"

"काहून?"

"काहून म्हणजे?"

"म्हणजे, कशाला?"

"कशाला म्हणजे! पानी न्यायला. उद्या घेऊन ये. आता कळ्या खूड, ऊन चढतंय. उमलल्या की कोन घेनार?"

दुसऱ्या दिवसापासून तेलाचे दोन रिकामे कॅन, राखेने घासून घासून वास घालवलेले, माझ्या हाताला लागले ते लागलेच. जाताना भरलेले, येताना रिकामे. शेअर रिक्षा, मग स्टेशनचा पूल, मग पूर्वेला चालत. रिक्षावाला पहिल्या दिवशी ओरडला, "ताई, रॉकेल चालणार नाही गाडीत!" मी म्हणाले, "गंगाजल आहे." तेव्हापासून तो मला "गंगा, नालासोपारा की विरार?" असं विचारायचा. हात खांद्यापासून तुटायचे. पण पाणी सांडू नये म्हणून ते कॅन मी इतके जपून न्यायचे, की माझ्या मुलीलाही तसं कधी उचललं नसेल.

भीतीने मी ते पाणीही उकळायचे. एकदा बोलता बोलता मावशीला कळलं.

"उकळतेस? माझ्या विहिरीचं पानी?"

"डॉक्टर म्हणाले म्हणून."

ती जरा दुखावली. मग म्हणाली, "मग उकळ. डॉक्टर आनि फादर, दोघांचं ऐकायचं. पटलं नाय तरी."

महिना गेला असेल. एक दिवस आरोहीने भाकरी मागितली. मागितली म्हणजे माझ्या ताटातून हिसकावली. मी ते मावशीला सांगायला धावत गेले. तिने पेला पुढे केला.

"तुमचे उपकार," मी म्हणाले.

"तुमचे? कोनाचे गो? मी तर एकटीच हाय इथे."

त्या दिवसापासून मी तिला 'तू' म्हणू लागले.

मावशीने लग्न केलं नव्हतं. आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, भावंडांची लग्नं करून दिली. मग घर, वाडी आणि विहीर एवढंच उरलं. "हीच माझी सासू," ती विहिरीकडे हात करून म्हणायची. "हिचं मन राखावं लागतं." विहिरीच्या कठड्यावर कोणी चप्पल घालून चढलं की ती लांबून ओरडायची. विहिरीवर जाळी होती, तिच्यात अडकलेलं पान न् पान ती सकाळी काढायची. कप्पी कुरकुरली की तिच्याशी बोलायची, "हो हो, घालते तेल, रडू नको." रविवारी ती चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायची. ती मुलं शनिवारीच तिच्या अंगणात यायची, प्रार्थना पाठ आहे की नाही ते दाखवायला. चुकलं की शिक्षा एकच. बालदीभर पाणी ओढून चाफ्याला घाल. तिचा चाफा गावात सगळ्यात भरदार होता. यावरून काय ते समजा.

तिच्या घरची, नात्यागोत्यातली माणसं आली की ती त्यांच्या बोलीत बोलायची. मराठीच असावी ती, पण मला त्यातला एक शब्द कळायचा नाही. सगळे हसायचे. मी कळ्या ओवत बसलेली असायचे आणि मला वाटायचं, माझं कोणी आलंच तर कुठल्या भाषेत हसणार?

पण हेवा वाटायचा तो याचा नाही. हेवा वाटायचा तो तिच्या बसण्याचा.

दुपारी चर्चची बाराची घंटा व्हायची. मावशी हातातलं काम टाकायची. बालदी अर्धी वर आलेली असली तरी दोर खुंटीला गुंडाळायची आणि विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहायची. ओठ हलायचे, मग तेही थांबायचे. मग ती तिथेच बसायची, डोळे मिटून. फार वेळ नाही. मी एक गजरा ओवून होईपर्यंत. पण उठायची तेव्हा चेहरा असा दिसायचा की हिने आत्ता अंघोळ केली. सकाळपासून वाडीत राबलेली बाई, आणि चेहऱ्यावर कष्टाची एक रेघ नाही.

मीही देवीला हात जोडते. आमच्या गावच्या देवीचा फोटो मनवेलपाड्याच्या खोलीत पहिला लागला, मग चूल. पण मी हात जोडले की डोक्यात मागण्यांची रांग लागते. पोरीचा ताप जाऊ दे. नवऱ्याचा पाय घसरू नको देऊ. खोलीवाल्याने काढू नये. हात सोडते तेव्हा मी जोडण्याआधीपेक्षा जास्त दमलेली असते.

एकदा न राहवून विचारलं, "मावशी, एवढं काय मागतेस गं?"

"काय नाय."

"मग काय करतेस?"

"बसते त्याच्याजवळ."

"आणि तो काय करतो?"

"तो पन बसतो." आणि हसली. "तुला काय वाटलं, भजी तळतो?"

मी घरी आले. आरोही झोपल्यावर देवीच्या फोटोसमोर नुसती बसून बघितलं. काही न मागता. दोन मिनिटांत मला आठवलं की गॅस संपत आलाय. विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणता येतं. हे कशात भरून आणायचं?

याच सुमारास सुशीला आली.

सुशीला झारखंडची. राजोडीला समुद्राकाठी सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी जी रिसॉर्टं आहेत, त्यातल्या एकात स्वयंपाकघरात भांडी घासायची. वीस-बावीसची असेल, गोल चेहऱ्याची, सारखी हसणारी. चर्चमध्ये मागच्या बाकावर एकटी रडताना मावशीला दिसली आणि मावशी तिला घरी घेऊन आली. बस्स. दर रविवारी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, झाली की सुशीला हजर. मावशी तिला जेवू घालायची. दोघी एकत्र माळेची प्रार्थना करायच्या, एक मराठीत, दुसरी हिंदीत. एकीचं संपलं की दुसरीने उचलायचं, मध्ये खंड नाही. रविवारी कळ्यांचं काम असायचंच, त्यामुळे मी अंगणात. आतून त्यांचा आवाज यायचा.

आता तुम्हीच सांगा. मी वर्षभर तिच्या वाडीत राबतेय, तिच्या कप्पीला तेल घालतेय, आणि ही काल आलेली पोरगी आत. मला पाणी मिळत होतं. हिला पाणीही मिळत होतं आणि ते दुसरंही. ज्याने चेहरा धुतल्यासारखा होतो, ते.

सुशीला मात्र माझ्यावर माया करायची, तेच तर जास्त लागायचं. "दीदी, आरोही कैसी है? दीदी, ये बिस्किट उसके लिए." मी म्हणायचे, "ठेव तिथे."

फेब्रुवारीत त्यांचा उपासकाळ सुरू झाला. कपाळावर राखेचा ठिपका घेऊन मावशी चर्चमधून आली. ईस्टरपर्यंत प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं, असं तिने मला सांगितलं. आळीत कोणी मटण सोडलं, कोणी दारू. एका काकांनी टीव्हीवरचं क्रिकेट सोडलं आणि शेजारच्या खिडकीतून बघितलं. "तू काय सोडलंस?" मी मावशीला विचारलं. "सांगायचं नसतं," ती म्हणाली.

त्याच वर्षी पाणी लवकर उतरलं. आजूबाजूला इमारती झाल्या, टँकरवाल्यांनी वाड्यांतल्या विहिरी उपसल्या, आणि गोड पाणी खाली गेलं की इथे समुद्राचं खारं पाणी जमिनीतून आत सरकतं. होळीच्या सुमारास आळीतल्या दोन विहिरी मचूळ झाल्या. आळीची बैठक भरली. ठरलं असं की पाऊस पडेपर्यंत गोड विहिरीतून फक्त पिण्यापुरतं काढायचं, तेही घरातल्या माणसांच्या हिशेबाने. वाड्यांना नाही. बाहेरच्यांना तर नाहीच.

मला हे गजरे ओवताना दुसऱ्या बायकांकडून कळलं. सुई बोटात घुसली. बाहेरची म्हणजे मीच. माझे कॅन तर सगळ्यांच्या डोळ्यांवर येण्यासारखे होते. संपलं, मी म्हटलं. परत टँकर, परत शेवाळ, परत हळदीचे डोळे. आणि मग गावची गाडी.

दुपारी मी कॅन न घेताच निघाले. मावशीने फाटकात गाठलं.

"विसरलीस?"

"आळीत ठरलंय म्हणे."

"आळीत ठरलंय ते आळीतल्यांनी बघावं. तू कॅन उचल."

मी उचलले. भरलेले होते. मी घाबरट आहे, पण मूर्ख नाही. दिलेलं पाणी मी परत केलं नाही.

रोज कॅन भरलेले मिळू लागले. पण माझ्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. मावशी हल्ली माझ्याबरोबर पाणी पीत नव्हती. आधी मला पेला द्यायची आणि दुसरा स्वतः घ्यायची, कठड्यावर बसून. आता तहान लागली की ती आतल्या खोलीत जायची. तिथे भिंतीला एक फळी होती, त्यावर येशूची तसबीर, मेणबत्त्या आणि मोगऱ्याचा गजरा. ती त्याला अल्तार म्हणायची. त्या फळीखाली एक लहान माठ आला होता, पूर्वी कधी नसलेला. झाकण ठेवलेला, वर फडकं बांधलेला. मावशी तिथलं पाणी प्यायची. रविवारी सुशीला आली की तीही आत जाऊन तिथलंच प्यायची. मला मात्र बाहेर, विहिरीचं.

बघा आता, डोकं कसं चालतं ते. मला वाटलं, ते मंतरलेलं पाणी असणार. फादरने आशीर्वाद दिलेलं, नाहीतर कुठल्या यात्रेहून आणलेलं. ते पिऊनच हिला तसं बसता येतं. ते पिऊनच ही सुशीला सारखी हसते. आणि ते फक्त त्यांच्यातल्यांसाठी आहे.

तीन रविवार मी गिळलं. चौथ्या रविवारी दोघी आतून तोंड पुसत बाहेर आल्या आणि माझं डोकं फिरलं.

"मला त्या माठातलं पाहिजे."

मावशी थबकली. "तुला इथलं गोड हाय ना?"

"गोड नको. आतलं पाहिजे."

"ते नको गो बाय."

"सुशीलेला चालतं. मला का नाही? मी तुमच्यातली नाही म्हणून?"

मावशीचा चेहरा एकदम उतरला. सुशीलेने आधी मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती फिसकन हसली. "पी लो दीदी," ती म्हणाली. "मौसी, दे दो ना उसको."

"तू गप," मावशी म्हणाली.

पण सुशीला आत पळाली आणि पेला भरून घेऊन आली. मी तिच्या हातातून तो घेतला, डोळे मिटले आणि मोठा घोट घेतला.

समुद्राने चूळ भरून टाकावी तसं ते पाणी होतं. मचूळ, कडवट, जिभेला खरखरणारं. मला ठसका लागला. सुशीला पोट धरून हसत होती.

"हे काय आहे?" मी कसंबसं विचारलं.

"बावखलातलं," मावशी म्हणाली. बावखल म्हणजे वाडीच्या कोपऱ्यातलं तळं, झाडांना शिंपायचं. ते यंदा पार मचूळ झालं होतं. झाडंसुद्धा नाक मुरडत होती. "उकळलेलं हाय, घाबरू नको. तुझ्यासारखंच उकळते."

"पण का?"

"उपास हाय माझा."

"पाण्याचा?"

"गोड पान्याचा." ती कठड्यावर टेकली. आता लपवण्यात अर्थ नाही हे तिला कळलं असावं. "आळीत ठरलं तेव्हा मी सांगितलं, माझ्या घरात एक माणूस, त्या माणसाचा वाटा मला द्या, तो कोनाला पाजायचा ते मी बघीन. त्यांना बोलता येईना. तेवढ्यात तुझे कॅन भरतात. उरतं ते दारात येणाऱ्याला."

"आणि ही?" मी सुशीलेकडे बोट केलं.

"ती आगाव हाय. तिला कळलं, तर म्हनते मी पन. रविवारी इथे मचूळ पिते, बाकी दिवस रिसॉर्टमध्ये पिते ते काय गोड असतं?"

मी खाली बसले. वर्षभर गोड पाणी पिऊन या बाईचा हेवा केला होता. आता मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. पण खरं सांगू? मला त्या मचूळ पाण्याचाही हेवा वाटला. दोघी मिळून ते पीत होत्या, आणि मला त्यात घेतलं नव्हतं.

"मग उद्यापासून मीपण हेच पिणार," मी म्हणाले.

"नाय."

"काहून नाही?"

"तू आजारी पडलीस तर पोरीला कोन बघेल? आनि तुला कशाला उपास?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तू गावाहून निघालीस तेव्हापासून उपासच करतेस. तुझा कधी सुटतो ते मी बघतेय."

तिने मग माझ्या हातातला पेला घेतला आणि माझं उरलेलं मचूळ पाणी पिऊन टाकलं. तोंड वाकडं झालं तिचं. "वाईटच हाय गो," ती म्हणाली. "पन तहान लागली की त्याची आठवन येते. क्रुसावर त्याला पन तहान लागली होती. लोकांनी आंबट दिलं. मला निदान खारट तरी मिळतंय."

त्या ईस्टरला सकाळच्या मिस्सेला मी गेले. मावशी चल म्हणाली नव्हती. तिने कधीच म्हटलं नाही. मी माझी देवी सोडली नाही आणि तिने कधी सोड म्हटलं नाही. मला फक्त बघायचं होतं. आरोहीला नवा फ्रॉक घालून मी मागे, एका खांबाच्या आडोशाला उभी राहिले. फादर लोकांमधून चालत आले, पवित्र पाणी शिंपडत. लोक मान पुढे करत होते, मुलं किंचाळत होती. सुशीलेच्या केसांवर भरपूर उडालं. आरोहीच्या नाकावर एक थेंब पडला, ती शिंकली. माझ्या आड खांब होता. मी कोरडी.

एवढा थेंबही नाही माझ्या नशिबी, मी मनात म्हटलं.

मावशी पुढच्या बाकावरून मागे वळून बघत होती. तिला कळलं. ती उठून सरळ माझ्याकडे आली. तिच्या चष्म्यावर दोन-तीन थेंब होते. तिने चष्मा काढला आणि माझ्या तळहातावर पुसला. "घे," ती हळूच म्हणाली. "आता तोंड नीट कर, लोक बघतात."

उपास संपला, पण मावशी मचूळच पीत राहिली. मी भांडले. ती म्हणाली, "माझा उपास संपला. विहिरीचा नाय संपला." पाऊस पडेपर्यंत तसंच चाललं. मग विहीर भरली, आणि पहिल्या दिवशी तिने मला, सुशीलेला आणि आरोहीला कठड्यावर बसवून एकामागून एक पेले पाजले. आरोहीचं पोट टम्म झालं. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

पुढच्या दिवाळीच्या आसपास मावशीचे पाय सुजू लागले. रक्तातली साखर जुनी होती, तिने ती कोणाला सांगितली नव्हती. मग मूत्रपिंडाचं निघालं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. पुण्याहून भाचा आला, तिला घेऊन जायचं ठरलं.

माझी झोप उडाली. ते मचूळ पाणी. माझे कॅन. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, पण विचारवेना. तिने माझ्या तोंडावरूनच ओळखलं.

"डॉक्टरला मी विचारलं," ती म्हणाली. "तो म्हनाला, ही साखर फार वर्षांची हाय. ऐकलंस? माझी साखर, मी खाल्ली. तुला तिच्यात वाटा नाय. उगाच प्रत्येक गोष्टीत वाटा मागू नको."

खरं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला अजून माहीत नाही.

ती पुण्याला गेली त्या दिवशी गाडीत बसताना तिने घराची किल्ली दिली. मला नाही. सुशीलेला. सुशीला तोपर्यंत रिसॉर्ट सोडून शेजारच्याच घरी कामाला लागली होती, म्हणजे किल्ली तिला देणंच सोयीचं होतं. मी मनवेलपाड्याला राहते, रोज येते-जाते. सगळं मला कळतं. तरी घरी जाईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही.

आता वाडी शेजाऱ्यांनी कसायला घेतली आहे. मी तिथेच कळ्या खुडते. आमच्या चाळीत नवी पाइपलाइन आली आहे, पाणी बरं येतं. मी तेही उकळते. आरोही दुसरीत गेली.

परवा सुशीलेने व्हिडिओ कॉल लावून दिला. मावशी खुर्चीत होती, फार वाळलेली. मागे पुण्यातल्या घराची पांढरी भिंत. मी तब्येत विचारली.

"पानी मोजून देतात गो मला आता," ती म्हणाली. "बाटलीवर खूण केलीय. त्याच्या वर नाय."

"तहान लागत असेल."

"लागते ना."

"मग काय करतेस?"

"बसते त्याच्याजवळ."

"मग जाते तहान?"

तिने नाकावर घसरलेला चष्मा वर सरकवला. "नाय जात," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तहान लागतेच. पन एकटीला नाय लागत."

मग तिने विहिरीचं विचारलं. सुशीलेने फोन विहिरीकडे फिरवला. कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलं आहे. आत पाणी आहे, पण खाली गाळ साचला आहे. पावसाच्या आधी आळीतलं प्रत्येक घर आपापल्या विहिरीत उतरून गाळ काढतं. मावशीच्या घरात उतरणारं कोणी राहिलं नाही. गेल्या वर्षी ती विहीर तशीच राहिली.

"राहू दे," मावशी म्हणाली. "भाचा बघेल, नायतर कोनतरी."

मी तिला काही म्हटलं नाही, कारण सुशीला शेजारी उभी होती आणि माझ्या आधी तिने तोंड उघडलं असतं. म्हणून इथे लिहून ठेवते. मावशी, या मे महिन्यात तुझ्या विहिरीत मी उतरणार आहे. मला पोहता येत नाही आणि उंचीवरून खाली बघितलं की माझे पाय लटपटतात, तरी कमरेला दोर बांधून उतरेन. झरा मोकळा होईपर्यंत गाळ काढेन. वरून टोपली ओढायला सुशीला चालेल. पण आत आधी मी.